प्लीज नसलेलं इंग्रजी

३ जानेवारी

धाकटे,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी जे ऐकलं ते खरं की खोटं, तेवढं कळव.

काल भावजींचा फोन आला होता. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आलं तरी सहसा पटत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी केला, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. म्हणाले, "वहिनी, तुमची जाऊ रोज संध्याकाळी टीव्ही बळकावते आणि अंतराळयानांचे सिनेमे लावून बसते. माझ्या मॅचचं वाटोळं झालं. विचारलं तर म्हणते, इंग्रजी शिकतेय." मी म्हटलं, पुन्हा बोला. ते पुन्हा बोलले. दुसऱ्यांदाही तेच ऐकू आलं.

पन्नाशी उलटल्यावर तुला इंग्रजी शिकावंसं वाटलं, आनंद आहे. पण या घराण्यात इंग्रजी शिकलेली एक बाई आहे, आणि ती अजून मेलेली नाही, फक्त निवृत्त झालीय. तिला एका शब्दाने विचारलं नाहीस? मी कॉन्व्हेंटची. आमच्या सिस्टर मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असायच्या आणि या टोकाला कुणी वेडंवाकडं इंग्रजी बोललं की पट्टी घेऊन चालत यायच्या. धावत नाही, चालत. पुढे जन्मभर मी कंपनीच्या मुख्य कार्यालयात साहेब लोकांची पत्रं टाइप केली, आणि टाइप करता करता त्यांचं इंग्रजी धुऊन वाळत घातलं. आणि माझी जाऊ इंग्रजी शिकणार कुणाकडून, तर तीन डोळ्यांच्या हिरव्या प्राण्यांकडून!

सोबत माझं व्याकरणाचं पुस्तक पाठवतेय. जपून वापर, त्याचा कणा मोडलाय. टीव्ही भावजींच्या ताब्यात दे. आणि हे खूळ एकाएकी कुठून आलं, ते सविस्तर लिही. फोन करू नकोस.

तुझी थोरली जाऊ


११ जानेवारी

ती. जाऊबाई,

नमस्कार. पुस्तक मिळालं. कणा खरंच मोडलाय, पण पानं सगळी आहेत.

ह्यांनी सांगितलं ते खरं आहे. ह्यांनी सांगितलं नाही ते मी सांगते.

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं वाफेत निर्जंतुक करायची खोली आहे, तिथे मी कामाला आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या इन्चार्ज बाई मार्चअखेर निवृत्त होतायत. त्यांच्यानंतर खुर्ची माझी, असं सगळे धरून चालले होते. मीही. पण आता नवं यंत्र आलंय, पार परदेशातून. त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत, आणि ते शिकवायला येणारा माणूसही इंग्रजीतच बोलणार. म्हणून आमच्या प्रशासक साहेबांनी नवा नियम काढला. इन्चार्ज व्हायचं तर इंग्रजीतून मुलाखत. कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगी आहे, इंग्रजी शाळेतली. तिला खुर्ची, नाहीतर मला. मला मिळाली नाही तर माझी बदली लिननला. म्हणजे निवृत्त होईपर्यंत चादरींच्या घड्या.

आता यानाचं. मी आधी साधे इंग्रजी सिनेमे बघून पाहिले. त्यात माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, अर्धं वाक्य बोलून हसतात, आणि मग मिठी मारतात. कशाला, ते कळत नाही. यानात तसं नाही. तिथे सगळे घाबरलेले असतात, म्हणून स्पष्ट बोलतात. एकाने हुकूम सोडला की दुसरा तोच हुकूम म्हणून दाखवतो, मग करतो. म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा ऐकायला मिळतो. दार बंद म्हटलं की दार बंद होताना दिसतं. अर्थ शोधत बसावं लागत नाही.

आणि शब्द कोणते म्हणता? प्रेशर, चेंबर, सील, लीक, वॉर्निंग, अ‍ॅबॉर्ट. आमच्या यंत्राच्या पडद्यावर हेच शब्द येतात, लाल अक्षरांत. दोन्हीकडे दार नीट बसलं नाही की कुणाच्या तरी जिवाशी गाठ. मी रोज एक सिनेमा अर्धा बघते, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते, आणि यानातल्या लोकांच्या आधी त्यांची वाक्यं म्हणते. परवा हे पाणी प्यायला उठले तर मी म्हटलं, "रिपोर्ट!" ते बिचारे तांब्या घेऊन उभेच राहिले.

हिरवे प्राणी फारसे नसतात हो. असले तरी ते बोलत नाहीत.

तुमची
धाकटी


१९ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलाखतीचं कारण आहे तर शीक, माझी ना नाही. खुर्ची तुझीच आहे, आणि ती कालच्या पोरीला देणं हा अन्याय आहे. पण अन्यायाशी लढताना हातात काय धरायचं याची काही रीत असते.

शब्द म्हणजे भाषा नव्हे, बाई. विटा म्हणजे घर नव्हे. उद्या साहेबाने विचारलं, कशा आहात, तर काय सांगशील? चेंबरमध्ये प्रेशर ठीक आहे? त्याने बसा म्हटलं तर तेच परत म्हणून दाखवशील? तुझ्या यानातली माणसं कधी एकमेकांचे आभार मानताना दिसली का तुला? सॉरी म्हणताना? दरवाजात आधी कोण जाणार यावर थांबताना? मला तर वाटतं, ती सगळी माणसं आकाशात पाठवली गेली ती जमिनीवर कुणी त्यांना घरात घेईना म्हणून.

इंग्रजी ही अदबीची भाषा आहे. आमच्या वर्गात पाण्याचा घोट प्यायचा तरी परवानगी मागावी लागे, आणि ती मागण्याच्या इतक्या तऱ्हा होत्या की मागून होईपर्यंत तहान जायची. पण त्यानेच वळण लागलं. माझं टाइप केलेलं पत्र वाचून एका साहेबाला दुसऱ्या साहेबाने विचारलं होतं, हे कुणा विलायतेतल्या माणसाकडून लिहून घेतलंत का?

सोबत एक कागद आहे. त्यावर मुलाखतीत उपयोगी पडतील अशी वाक्यं मी टाइप केलीत, आणि खाली उच्चार मराठीत. आपली परवानगी असेल तर बोलू का. आपण वेळ दिलात याबद्दल अत्यंत ऋणी आहे. मला ही नम्र विनंती करावीशी वाटते की. माझ्या अल्प अनुभवाचा विचार व्हावा. सगळं तोंडपाठ कर, आरशासमोर म्हण. प्रत्येक वाक्यात प्लीज कुठे येतं, ते मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलंय. तिथे किंचित मान झुकव.

यानं बंद.

तुझी थोरली जाऊ


२ फेब्रुवारी

ती. जाऊबाई,

कागद पाठ झाला. मान झुकवण्यासकट. भांडी घासताना म्हणते, कामावर जाताना म्हणते. हे म्हणतात, यानंच बरी होती.

मुलाखत येत्या गुरुवारी. लांबलचक नाही लिहीत, कागद पुन्हा एकदा म्हणायचाय.

तुमची
धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या पत्राची वाट पाहून डोळे दुखले, शेवटी मीच भावजींना फोन केला. यावरूनच ओळख माझी काय अवस्था झाली असेल.

ते म्हणाले, खुर्ची त्या पोरीला मिळाली. तुला लिननला पाठवलं. का, असं विचारलं तर म्हणाले, "काय माहीत वहिनी, गेली असेल यानासारखी बोलत."

मी तुला काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं मी? चांगली रीतसर वाक्यं लिहून दिली, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, आणि बाईसाहेब पाच माणसांसमोर बसून काय बोलल्या असतील? अ‍ॅबॉर्ट? एका यंत्रमानवाला कोण इन्चार्ज करील? ते हॉस्पिटल आहे, उडती तबकडी नव्हे. आपल्या घराण्याचं नाक तेवढं शाबूत राहिलं होतं, आता तेही गेलं. मी इथे ज्या कुणाला सांगून ठेवलं होतं की आमची धाकटी इन्चार्ज होणार, त्या सगळ्यांना आता काय सांगू?

तोंड लपवून बसू नकोस. काय झालं ते लिही. जसं झालं तसं.

तुझी थोरली जाऊ


२२ फेब्रुवारी

ती. जाऊबाई,

लिहिणार नव्हते. पण तुम्ही नाकाचा विषय काढलात, म्हणून लिहिते.

मुलाखतीत मी यानातलं एक अक्षरही बोलले नाही. तुमचंच बोलले.

आत गेले. टेबलाच्या पलीकडे साहेब मध्ये आणि दोन्ही बाजूंना दोघं-दोघं. मी दारातच म्हटलं, आपली परवानगी असेल तर आत येऊ का. साहेब खूश झाले, या या म्हणाले. मी बसले आणि म्हटलं, आपण वेळ दिलात याबद्दल अत्यंत ऋणी आहे. मान झुकवली. साहेबांनी शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, लहान मूल कविता म्हणतं तेव्हा हसतात तशा. मग साहेबांनी विचारलं, नव्या यंत्राबद्दल काय वाटतं? मला यंत्राबद्दल पुष्कळ सांगायचं होतं. पण माझ्या जिभेवर ओळीने तुमचीच वाक्यं उभी होती, दुसरं काही पुढे येईना. मी म्हटलं, मला ही नम्र विनंती करावीशी वाटते की माझ्या अल्प अनुभवाचा विचार व्हावा.

साहेब मराठीत म्हणाले, "आजी, कुणी लिहून दिलं हो? छान पाठ केलंय."

आजी म्हणाले. माझ्याहून चार-दोन वर्षांनीच लहान असतील.

तरी मी बोलत राहिले. जितकी विनवत गेले तितकी मी लहान होत गेले, जाऊबाई. खुर्ची तीच, पण मला वाटलं माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही फारच नम्र आहात. लिननला अशाच माणसांची गरज आहे. तिथे वॉर्डवाले येऊन भांडतात." चौघांनी माना हलवल्या. आणि मी काय म्हटलं असेल? तुमच्या कागदावरचं शेवटचं वाक्य. आपले मनःपूर्वक आभार.

ह्यांना हे सांगितलं नाही. यानामुळे झालं असं त्यांना वाटतंय तर वाटू दे, म्हटलं. नाहीतर ते तुम्हाला फोनवर काहीबाही बोलले असते, आणि तुम्हाला ते नेमकं ऐकू आलं असतं.

सध्या घड्या घालते. चादरीला काही विचारावं लागत नाही.

तुमची
धाकटी


२८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळाल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आजी? कोण हा टिकोजीराव? अदबीने बोलणाऱ्या बाईशी अदबीने वागायचं असतं, हे याला कुणी शिकवलं नाही? माझ्या वाक्यांत तसूभर चूक नव्हती. चूक ऐकणाऱ्याच्या कानात होती. बाईमाणूस समोर मान झुकवते आणि हा तिच्या डोक्यावर चादरी ठेवतो!

मी गप्प बसणार नाही. सोबत तीन पानी मसुदा आहे, त्या साहेबाच्या नावे, माझ्या सहीने. यात मी त्याच्या निर्णयाचा पुनर्विचार व्हावा अशी मागणी केलीय, आणि अशा इंग्रजीत केलीय की त्याला शब्दकोश काढावा लागेल. वाच, आणि टपालात टाकू का ते उलट टपाली कळव.

तुझी थोरली जाऊ


७ मार्च

ती. जाऊबाई,

रागावू नका. पत्र टाकू नका.

मसुदा मी वाचला. निम्मा कळला, पण जेवढा कळला तेवढा पुरे झाला. पहिल्या पानावर तुम्ही तसदीबद्दल क्षमा मागता. दुसऱ्यावर त्यांच्या बहुमोल वेळेची आठवण काढता. तिसऱ्यावर, कृपा होईल तर, असं म्हणता, आणि शेवटी पुन्हा क्षमा. तुम्ही किती चिडलात ते मला ठाऊक आहे, पण त्या कागदाला ठाऊक नाही. तो साहेबांसमोर वाकून उभा आहे. त्यांनी तोही वाचून म्हणावं, छान पाठ केलंय?

आमच्या यानात एक इंजिनिअर बाई आहे. केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधलेला. तिचा वरिष्ठ तिला टाकी उघडायला सांगतो. ती म्हणते, निगेटिव्ह. म्हणजे नाही. तो पुन्हा सांगतो. ती पुन्हा म्हणते, निगेटिव्ह, आणि एक्स्प्लेन, म्हणजे कारण सांगा. बस्स. ती ओरडत नाही, रडत नाही, मान झुकवत नाही. आणि गंमत म्हणजे तो कारण सांगतो! तुम्ही मला इंग्रजीत नाही कसं म्हणायचं ते शिकवलंच नव्हतं, जाऊबाई. तुमच्या कागदावर ते वाक्यच नाही.

यंत्र शिकवणारा माणूस वीस तारखेनंतर येतोय. शिकवणीला खात्यातल्या सगळ्यांनी बसायचं, असं सूचनाफलकावर लिहिलंय. माझी बदली अजून तोंडीच आहे, कागद आलेला नाही. म्हणजे मी खात्यातलीच. मी बसणार. साहेब उठवायला आले तर काय बोलायचं, त्याची तालीम हवी. सिनेमातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत, त्यांची त्यांच्याशीच बोलतात. म्हणून तुम्ही मला प्रश्न लिहून पाठवा. साहेब विचारतील तसे, जितके अपमानकारक जमतील तितके.

तुम्हाला जमेल.

तुमची
धाकटी


१४ मार्च

धाकटे,

तुझं शेवटचं वाक्य मी प्रशंसा म्हणून घेतलंय.

पत्र वाचून आधी संताप झाला. दोन दिवस तुला उत्तरच द्यायचं नाही, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीला वर्णन सांगून तिच्याकडे तुझा तो इंजिनिअर बाईचा सिनेमा लावला. तुला तोंडावर पाडायला लावला, दुसरं काही समजू नकोस. वही-पेन्सिल घेऊन बसले होते, चुका टिपायला.

चुका पुष्कळ आहेत. यानाचा तो कप्तान अर्धवट वाक्यं बोलतो, आणि डॉक्टर नाकात बोलतो. शिवाय इतक्या अवघड प्रवासाला निघालेल्या माणसांनी आतून कडी लागत नाही असं दार बसवावं, हे मला पटलेलं नाही. पण ती बाई. तिचं इंग्रजी मी कान देऊन ऐकलं. त्यात एकही चूक नाही. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि संबंध सिनेमाभर ती एकदाही प्लीज म्हणत नाही, तरी तिला कुणी उद्धट म्हणत नाही. यान कोसळतंय तिकडे लक्ष असतं सगळ्यांचं.

घरी येऊन मी आमच्या सिस्टरांवर मनातल्या मनात इतकी चिडले की काय सांगू. परवानगी मागायच्या तऱ्हा शिकवल्या, उशीर झाला तर क्षमा मागायच्या, न मागता काही मिळालं तर आभार मानायच्या. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं आणि नाही म्हणायचा धडा गाळला! पुस्तकात होता की नव्हता, देव जाणे. कार्यालयातही तेच. साहेबांची नकाराची पत्रं मी टाइप केली, ढिगाने केली, पण ते नकार त्यांचे होते. माझ्या स्वतःच्या तोंडून त्या भाषेत कुणाला नाही म्हटल्याचं आठवत नाही. भाषा माझी, नकार दुसऱ्याचा! संताप येणार नाही तर काय?

प्रश्न सोबत आहेत. या वयात नवं काय शिकणार? घरी नातवंडं नाहीत का? इंग्रजी कुठल्या बाजारात मिळालं? तुमच्याऐवजी तुमच्या मिस्टरांशी बोलू का? हा शेवटचा मला स्वतःला एकदा विचारला गेला होता, तेव्हा तो नीट घासून उत्तर दे.

उत्तरं मला पाठवू नकोस. मोठ्याने म्हण. आणि मान सरळ.

तुझी थोरली जाऊ


२६ मार्च

ती. जाऊबाई,

खूप झालंय. क्रमाने सांगते.

शिकवणारा माणूस आला. उंच, गोरा, घामाघूम. आम्हाला वाटलं होतं फाडफाड बोलेल. पण त्याच्या देशात इंग्रजी बोलतच नाहीत! तोही ते कुठूनतरी शिकलेला. पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "डोअर. क्लोज. चेक सील." मी खुर्चीतून पडायचीच राहिले. हा तर आमच्या यानातलाच माणूस.

इंग्रजी शाळेतली ती मुलगी त्याला लांबलचक प्रश्न विचारायची. छान बोलते ती. तो कपाळाला आठ्या घालायचा आणि म्हणायचा, "अगेन?" ती आणखी लांब करून विचारायची. शेवटी रडकुंडीला आली, मला म्हणाली, "मावशी, माझं इंग्रजी त्याला कळत नाही आणि त्याचं मला. तुम्हीच विचारा." मी विचारलं, "प्रेशर लो. व्हॉट डू?" तो म्हणाला, "अ‍ॅबॉर्ट. वेट. स्टार्ट अगेन." मी त्याचं वाक्य त्यालाच म्हणून दाखवलं आणि तसं केलं. तो इतका खूश झाला. त्यानंतर तो प्रत्येक गोष्ट माझ्याकडे बघून सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी यंत्राच्या पडद्यासमोर उभी. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही इथे कशा? लिननला जा, चला." मराठीत.

मी इंग्रजीत म्हटलं, "निगेटिव्ह."

ते म्हणाले, "व्हॉट?" मी म्हटलं, "निगेटिव्ह. आय वर्क हिअर. इन्चार्ज, नॉट मी. एक्स्प्लेन." मान सरळ होती, जाऊबाई.

साहेब लालबुंद झाले. आणि तो शिकवणारा माणूस, त्याला वाटलं आमचं कामाचंच बोलणं चाललंय. तो साहेबांना म्हणाला, "गुड. शी स्टे." आणि पुढची कळ दाखवायला लागला. साहेब गेले.

इथवर छान. आता पुढचं. तो माणूस परत गेला, आणि काल साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, त्या मुलीने स्वतःच लिहून दिलंय की तिला हे काम नको. तुम्हाला खुर्ची देऊ. पण परदेशी पाहुण्यासमोर तुम्ही उद्धटपणे बोललात, त्याबद्दल आधी लेखी माफी द्या. इंग्रजीत. एकतीस तारखेच्या आत.

हे म्हणतात, देऊन टाक, सॉरी म्हणायला काय जातं? मलाही वाटतं, एवढ्याने खुर्ची मिळत असेल तर वाकावं एकदा. सारखं ताठ उभं राहून मीही दमले. माफीचं पत्र मला इंग्रजीत जमणार नाही. तुमच्याइतकी रीतसर माफी कुणाला मागता येणार? तेवढं टाइप करून पाठवता का? कुरिअरने पाठवा.

तुमची
धाकटी


२८ मार्च

धाकटे,

निगेटिव्ह.

जन्मभर मी माफीची पत्रं टाइप केलीत. माल उशिरा गेला, माफी. चुकीचा गेला, माफी. साहेब पार्टीत बरळले, माफी. कुठली चूक माझी नव्हती, पण प्रत्येक पत्रावर बोटं माझी होती. हे पत्र माझ्या टाइपरायटरवरून निघणार नाही. तुझा साहेब स्वतः येऊन इथे पायरीवर बसला तरी नाही.

तू काय उद्धटपणा केलास, सांग? 'मी इथे काम करते' हा उद्धटपणा? 'कारण सांगा' हा? ज्याने तुला पाच माणसांत आजी म्हटलं, त्याची माफी आधी लेखी येऊ दे. व्याकरण मी फुकट तपासून देईन.

सोबत एक कागद आहे. चार ओळी आहेत. इंग्रजीत टाइप केल्यात, तुला कळतील अशाच, तरी मराठीत सांगते: मी निर्जंतुकीकरणाच्या खोलीत काम करते. नवं यंत्र मला चालवता येतं, शिकवणाऱ्याने ते पाहिलं आहे. इन्चार्जची जागा एक तारखेपासून रिकामी आहे. ती मला द्या, किंवा का देत नाही ते लेखी कळवा.

खाली तुझी सही. माझी नाही.

इतकं छोटं पत्र मी आयुष्यात टाइप केलं नव्हतं. सारखी बोटं सवयीने 'काइंडली'कडे वळायची, शेवटी डाव्या हाताने उजव्याला चापट मारली. तरी पहिल्या प्रतीत कुठूनसा एक प्लीज शिरलाच. तो कागद फाडला आणि नवा घातला.

यात धोका आहे, हे मला कळतं. साहेब चिडेल, खुर्ची जाईल, चादरी राहतील. घड्या तुला घालायच्यात, मला नाही, म्हणून द्यायचं की नाही ते तू ठरव. माफी लिहून देणारे शंभर मिळतील. भावजींना सांग, त्यांना सॉरीची इतकी हौस असेल तर त्यांनी माझ्याकडे एक पाठवावं. त्यांच्याकडे माझी बरीच बाकी आहे.

चौकशी लागलीच तर मला बोलाव. मी येऊन बाहेरच्या बाकावर बसेन. ऐकू नाही आलं तरी बसेन.

तुझी थोरली जाऊ


८ एप्रिल

ती. जाऊबाई,

तुमचा कागद एकतीस तारखेलाच हातात पडला. तोवर ह्यांनी त्यांच्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी माफीचं पत्र लिहून आणलं होतं. म्हणाले, दोन्ही ने, साहेबांचा चेहरा बघून कुठलं द्यायचं ते ठरव. मी माफीचं वाचून पाहिलं. चांगलं लिहिलं होतं. ते टीव्हीखाली ठेवलं आणि तुमचं घेऊन गेले.

साहेबांनी उभ्या उभ्याच वाचलं. कागद उलटा करून मागे बघितलं. म्हणाले, "माफी कुठाय?"

मी म्हटलं, "नाहीये."

"विसरलात का?"

"नाही, साहेब. लिहिलेली नाही."

मी मराठीतच बोलले, जाऊबाई. इंग्रजी काढावंच लागलं नाही. ते म्हणाले, मग खुर्चीचं विसरा. मी म्हटलं, का, ते लेखी द्या. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर जोरात लावला.

एक तारखेला सकाळी कामावर गेले. इन्चार्ज बाईंची खुर्ची रिकामी. बाहेर ऑपरेशनवाले हत्यारांसाठी खोळंबलेले, खिडकीवर टकटक करतायत. यंत्र सुरू करायचं तर पडद्यासमोर बसावं लागतं, आणि पडद्यासमोर ती एकच खुर्ची आहे. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बाकीच्याही. ऑर्डर आलेली नव्हती. नकारही आलेला नव्हता. मी जाऊन बसले. म्हटलं, "दार." ती म्हणाली, "दार बंद." सुरू केलं.

तेव्हापासून रोज बसते. ऑर्डर अजूनही नाही, नकाराचा कागदही नाही. साहेब दोनदा काचेपर्यंत आले, आत बघितलं आणि गेले. मला कुणी उठवलेलं नाही. उठवायला आले तर काय म्हणायचं, ते तयार आहे.

खुर्ची पडद्याच्या मानाने मला जरा बुटकी होती, आधीच्या बाई उंच होत्या. खाली हात घालून दांडा शोधला आणि वर केली.

तुमची
धाकटी